धुरळा पॅक, पेंड पॅक वगैरे

आमच्या ऑफिसातले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही. कुठल्या लग्नात, बारशात कुणीतरी विचारायचं, "काय गं, तुझं ते गेमचं काय चाललंय?" की मी एक सांगायचे. लोक हसायचे. त्यांचं हसणं संपेपर्यंत मला दुसरा आठवायचा. असे चार-पाच वर्षांत ढीगभर साठले. आधी सांगताना सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचे. हल्ली लोक हसायला लागले की मी पाणी प्यायला उठते.

आज सगळे एकदम सांगून टाकते. खुशाल हसा! मला राग येणार नाही. लाज येईल, पण ती तशीही येतेच आहे.

तर आमचं ऑफिस लोणावळ्याजवळच्या कुसगावात, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. खालचा मजला पर्यटकांना भाड्यानं जातो, त्यामुळे शनिवारच्या आमच्या मीटिंगा डीजेच्या दणदणाटात होतात. मालक कौस्तुभ सर, पुण्याचे. माणूस वाईट नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल. चित्रं काढायला शबाना, सोमाटण्याची. आणि मी मनीषा, परंदवडीची. बाकीचे तिघं कानाला हेडफोन लावून कोडिंग करतात, त्यांचा या किश्श्यांशी काही संबंध नाही.

आम्ही मोबाईलवरचा एकच गेम बनवला. बैलगाडा शर्यतीचा.

माझ्या व्हिजिटिंग कार्डवर लिहिलंय, 'मॉनेटायझेशन डिझायनर'. आईनं एकदा विचारलं, म्हणजे नक्की काय करतेस? मी म्हटलं, गेममधलं काय काढून घेतलं तर लोक ते परत विकत घेतील, हे शोधायचं. एकोणीस रुपयांचा पॅक, एकोणतीसचा पॅक, एकोणपन्नासचा पॅक. आई म्हणाली, "आन याला कालिज लागतं?"

*

सुरुवात फार चांगली झाली होती, म्हणून तर जास्त बोचतं.

गेम करायचा ठरला तेव्हा खरे बैल हवे होते आणि खरा घाट हवा होता. घाट म्हणजे आमच्याकडे बैल पळवायची चढाची वाट. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्यासाठी सगळं गाव उभं केलं. अण्णांचा स्वतःचा बैल पाखऱ्या. त्याचं नाव पुकारलं की पलीकडच्या गावची माणसंही चहा टाकून घाटाकडे पळायची. अण्णा आम्हाला गोठ्यागोठ्यात घेऊन फिरले. शबाना फोटो काढायची, मी शिंगांची मापं लिहून घ्यायचे आणि अण्णा बैल धरून उभे राहायचे.

कुणीतरी कुरकुरायचंच. "अण्णा, आमच्या बैलाचं फोटू काढून ह्ये पैसं कमवनार, आन आमाला काय?"

अण्णा छातीवर हात ठेवून सांगायचे, "माज्या पोरीचा खेळ हाय. फुकाट हाय. आपल्या गावात कुनाला एक रुपया पडायचा न्हाई. माजा शबूद हाय."

अण्णांना आयुष्यात कुणाबरोबर कागद करावा लागलेला नाही. ते हो म्हणाले म्हणजे झालं, असं गाव मानतं. त्या एका वाक्यावर बावीस गोठ्यांची दारं उघडली.

वर्षभर गेम खरंच फुकट होता. मग कौस्तुभ सरांनी मुंबईहून पैसे आणले, पैशांमागून पैसेवाले आले, आणि एका सोमवारी सर म्हणाले, "फुकटचे दिवस संपले, मंडळी!"

त्या क्षणी मला पहिला विचार आला तो अण्णांचा. दुसरा आला पगाराचा. दुसरा जास्त वेळ टिकला.

अण्णांकडे बटणांचा फोन. त्यांना आपणहून कळायचं काही कारण नव्हतं. गावाला कळणारच होतं, पण गाव सहसा अण्णांच्या तोंडावर काही बोलत नाही. तेव्हापासून माझी एकच धडपड होती, की अण्णांच्या शब्दाचं मी काय केलंय हे अण्णांपर्यंत पोचू नये.

*

पॅकच्या पहिल्या मीटिंगला सरांनी बोर्डावर लिहिलं, 'काय काढता येईल?'

शबाना म्हणाली, बैलाची झूल काढू. एक हेडफोन म्हणाला, शिंगांचा रंग. सरांना पटेना. "ही झाली सजावट. ज्याच्यावाचून जीव तळमळेल असं काहीतरी सांगा!"

मी म्हटलं, "धुरळा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी समजावून सांगितलं. बैल सुटले की मागे धुरळ्याचा लोट उठतो. तो नसेल तर बैल पळतायत असं वाटतच नाही, लादीवरून घसरत चाललेत असं वाटतं. सर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. "ब्रिलियंट! याला म्हणतात लोकल नॉलेज!"

धुरळा पॅक, एकोणीस रुपये. माझा पहिला पॅक. मी स्वतः पेढे आणले होते.

आठवड्यानं गावच्या फाट्यावर कंपनीतून सुटलेली चार पोरं भेटली. शेजारून डंपर जात होते, चौघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. त्यातला एक डोळे पुसत म्हणाला, "ताई, ह्यो धुरळा दिसभर फुकाट खातोय आमी. आता तुमचा इकत घ्यायचा व्हय?"

बाकीचे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात यादी उघडली. चौघांपैकी तिघांनी पॅक घेतलेला होता.

*

पेंड पॅकची कल्पना माझी नाही, सरांची. नाव मात्र मी दिलं.

तीन बाऱ्या, म्हणजे तीन धावा झाल्या की बैल खाली बसायचा. उठवायचा तर चार तास थांबा, नाहीतर पेंड पॅक घ्या. बैल बसला की मान टाकायचा आणि डोळे मिटायचा. ते डोळे शबानानं इतके सुंदर काढले होते की आम्ही तिला त्या महिन्यात बक्षीस दिलं.

आमच्या शेजारच्या गोदामावशी, यांचाही बैल त्या बाविसांतला. एकदा सकाळी मी ऑफिसला निघायला स्कूटर काढते तर मावशी पाटीभर सरकी पेंड डोक्यावर घेऊन दारात!

"हापिसात चाललीस नव्हं? ही घिऊन जा."

"कशाला, मावशी?"

"आमचा बैल बसलाय म्हनं तितं. आमच्या थोरल्यानं दावला. पेंड घातल्याबिगर उठत न्हाई म्हनतोय. घरची हाय, चांगली हाय. एकुनतीस रुपय कशाला घालवायचं?"

चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. मावशींना मोबाईलमधला बैल आणि गोठ्यातला बैल यातला फरक कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मावशींना ओळखत नाही.

तेवढ्यात अण्णा चूळ भरून परसातून आले. "कसली पेंड गं, गोदाक्का?"

मावशींनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"काय न्हाई, अण्णा. हिच्या हापिसाशेजारी गाय हाय म्हनं गाभन. तिला दिऊन येती."

आणि पाटी माझ्या पायाशी ठेवून त्या निघून गेल्या. मी पाच किलो पेंड स्कूटरवर पायाशी घेऊन सोमाटणे, वडगाव, कामशेत करत कुसगावला पोचले. सरांनी विचारलं, "हे काय आणलंस?"

मी म्हटलं, "एका युजरचं पेमेंट."

शबाना हसून हसून टेबलाखाली गेली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू! पण संध्याकाळी परतताना वळणावर एक गाय दिसली, तिच्यापुढे ती पेंड ओतली आणि ती सगळी संपवेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.

*

हा छोटासा आहे. सरांना एक 'लकी बॉक्स' हवा होता. पैसे भरा, डबा उघडा, आत काय निघेल ते तुमचं नशीब. झूल निघेल, घुंगरं निघतील, नाहीतर नुसता गुळाचा खडा. लोणावळ्याचा गेम म्हणून आम्ही नाव ठेवलं 'चिक्कीचा डबा'. डब्याचे फोटो काढायला शबाना आणि मी बाजारातल्या एका जुन्या चिक्कीच्या दुकानात गेलो.

दुकानदार काकांनी कौतुकानं सगळं विचारून घेतलं. "म्हणजे आत काय आहे ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं?"

"नसतं."

"आणि तुम्हाला?"

"आम्हाला असतं."

काकांनी आमच्यापुढचा डबा उचलून मागच्या फळीवर ठेवला. मग बरणीतून चिक्कीचा एकेक तुकडा काढून आमच्या हातावर ठेवला. "आमच्याकडे आधी खाऊन बघायचं असतं, बाळ. डबा मग."

सरांना येऊन सांगितलं, तर म्हणाले, "जाऊ दे गं. त्यांना धंदा कळत नाही."

ज्यांचं दुकान आजोबांच्या वेळेपासून चालू आहे, त्यांना!

*

आता लतीफचाचांचा. हा मी सगळ्यात जास्त वेळा सांगितलाय.

लतीफचाचा म्हणजे शबानाचे अब्बा. सोमाटण्यात सायकलचं दुकान, पण आमच्या यात्रेत घाटावरचा माईक गेली वीसेक वर्षं त्यांच्याच हातात. बैल सुटले की त्यांची ती "झाऽऽली... भिर्रर्रर्र!" अशी आरोळी सुटते. ती ऐकली की घरात पोळ्या लाटणाऱ्या बायकांचंसुद्धा लाटणं थांबतं. गेमसाठी आम्ही त्यांचा आवाज रेकॉर्ड केला. चारी भिंतींना गोधड्या टांगून चाचांना मध्ये उभं केलं. चार तास ओरडले. मानधन विचारलं तर म्हणाले, "अण्णांच्या पोरीचं काम, त्याला कसलं मानधन? चहा सांग, बेटा. खारी असली तर बघ."

पुढे आला आवाज पॅक. पहिल्या तीन बाऱ्यांना चाचांचा आवाज. चौथीपासून एक कंप्युटरची बाई थंडपणे सांगायची, "गाडा सुटला आहे." चाचा परत हवे असतील तर एकोणतीस रुपये.

पडद्यावर माईकचं चित्र आणि त्यावर कुलूप काढायचं होतं. शबानानं मला विचारलं, "कुलूप कुठल्या रंगाचं करू?"

बापाच्या तोंडाला लावायचं कुलूप! मी म्हटलं, "सोनेरी कर. उठून दिसतं." तिनं मान डोलावून सोनेरी केलं. आम्ही दोघी तेव्हा एकमेकींकडे बघत नव्हतो.

चाचांनी पॅक घेतला. स्वतःचाच आवाज, स्वतःच्या पैशानं! शबानाला घरी एक शब्द बोलले नाहीत.

मग यात्रा आली. घाटावर माणसांची ही गर्दी. अण्णा मानकऱ्यांबरोबर पुढे बसलेले, मी बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी. पहिली बारी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चाचा रंगात आले होते. चौथीचे बैल सुटले आणि माईक गप्प! बैल धावतायत, धुरळा उडतोय आणि आवाज नाही. लोक वळून बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, "चाचा, बोला की!"

चाचांनी माईक तोंडाजवळ घेतला आणि शांतपणे म्हणाले, "फुडचा आवाज ऐकायचा आसंल, तर एकुनतीस रुपय!"

सगळा घाट हसला. अशा शिट्ट्या, अशा टोप्या उडाल्या! ट्रॉलीतल्या बायका माझ्या पाठीवर थापा मारून हसायला लागल्या. पुढे बसलेले अण्णाही हसले, सगळे हसतायत म्हणून. संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "लतीफ काय म्हनला गं त्यो? एकुनतीस कसलं?"

मी म्हटलं, "काही नाही अण्णा, गंमत होती."

"लय हसलं लोक," अण्णा म्हणाले आणि परत हसले.

*

हा किस्सा मी आजपर्यंत कुठल्याच लग्नात सांगितलेला नाही.

दिवाळीनंतर पाखऱ्या गेला. म्हातारा झाला होता. सकाळी उठलाच नाही. अण्णांनी त्याला आमच्याच वावरात मूठमाती दिली, गाव गोळा झालं, गुलाल उधळला. घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. मी एक दिवस रजा टाकली. ऑफिसात सांगितलं, तर सर खरंच हळहळले. फोन करून म्हणाले, "वडिलांना सांभाळ." म्हणून म्हटलं, माणूस वाईट नाही.

तीन दिवसांनी सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चाचरत म्हणाले, "हे बघ, तुला चालणार असेल तरच. पाखऱ्या आता लेजंड आहे. फ्री ठेवण्यापेक्षा... म्हणजे त्याला एक मान मिळेल."

नाही म्हणायला पूर्ण मोकळीक होती. त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, "विचार करून सांगते," आणि विचार करता करता मजकूरच लिहून टाकला.

पहिला लिहिला, 'पाखऱ्या आता आपल्यात नाही.' वाचला. यावर कुणी बटण दाबणार नाही, असं वाटलं. खोडला. दुसरा लिहिला, 'पाखऱ्या गेला. तुमच्यासाठी परत येईल. फक्त ४९ रुपये.' हा बरा वाटला. गोठ्यात अजून त्याची वैरण तशीच पडलेली होती आणि मी 'फक्त' हा शब्द ठेवावा की काढावा याचा विचार करत बसले होते. ठेवला.

आमचा आजवरचा सगळ्यात जास्त खपलेला पॅक तो. सरांनी केक मागवला. वर क्रीमचा पाखऱ्या, अगदी कपाळावरच्या पांढऱ्या टिक्क्यासकट! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शिंगाचा तुकडा आला.

खाल्ला मी. सगळा खाल्ला.

*

यंदाच्या यात्रेच्या आधी आम्ही यात्रा पॅक काढला. कमान, पताका, देवळाचं शिखर, सगळं आमच्याच गावचं. नव्व्याण्णव रुपये ठेवले तर कुणी हात लावेना. मी सरांना म्हटलं, "एकशे एक करा."

"वाढवायचे?"

"करून तर बघा."

धडाधड खपायला लागला! सर म्हणाले, तू जीनियस आहेस. जीनियस कसली. आमच्याकडे यात्रेची वर्गणी एकावन्न नाहीतर एकशे एक असते, एवढंच मला माहीत होतं. लोकांना तो आकडा ओळखीचा वाटला.

जरा जास्तच ओळखीचा वाटला. आमच्या गावात सदाआबा आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले. मुलानं स्मार्टफोन दिलाय, त्यावर दिवसभर आमचाच गेम खेळतात. त्यांनी एकशे एक भरले, आणि आठ दिवस वाट बघितली. गावाचा रिवाज असा की वर्गणी दिली की पावती मिळते आणि यात्रेत माईकवरून नाव पुकारतात. आबांना पावती मिळेना. मग ते यात्रा कमिटीकडे न जाता थेट देवळाच्या पारावर आले, जिथं अण्णा बसले होते. गेम कुणाच्या शब्दावर आला होता ते त्यांना माहीत होतंच.

"अण्णा, येकशेयेक भरल्यात मोबाईलवर. पावती कवा द्येनार तुमची पोरगी?"

हे मला आईनं सांगितलं. अण्णांनी म्हणे आबांना शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाले, "आबा, काय काय हाय त्यात, दावा बरं मला."

दोघं पारावर दोन तास बसले होते. आबांनी सगळं दाखवलं. धुरळा दाखवला, बसलेला बैल दाखवला, चाचांच्या माईकवरचं कुलूप दाखवलं. शेवटी पाखऱ्याही दाखवला. अण्णांनी फोन हातात घेतला नाही, नुसतं बघत होते.

मला घरी आल्यावर काहीतरी ऐकून घ्यावं लागेल असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. अण्णा जेवले, हात धुतले आणि झोपायला गेले. त्यानंतर चार दिवस पारावरही गेले नाहीत. माझ्याशी बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "दार लाव", एवढंच.

*

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास ऑफिसची बेल वाजली. शबानानं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

दारात अण्णा! बेगडेवाडीहून लोकलनं लोणावळ्याला आणि तिथून चालत आले होते. माझ्या ऑफिसात पहिल्यांदाच. अंगावर धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं. आणि दुसऱ्या खांद्यावर नवंकोरं दावं. बैलबाजारात बैल घ्यायला निघालेला माणूस असाच निघतो. आमच्याकडे बैल विकणारा आपलं दावं कधी देत नाही, घेणाऱ्यानं नवं आणायचं असतं.

वहाणा दाराबाहेर काढून अण्णा आत आले. सर लगबगीनं उठले. "अरे वा, काका! या, या! मनीषा, सांगितलं नाहीस? चहा घेणार ना?"

"चा नगं. बैल घ्यायला आलोय."

"बैल?"

"पाखऱ्या."

असं म्हणून अण्णांनी उपरणं उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात सरांपुढे केला. बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. सरांना वाटलं, काका शेकहँड करतायत. त्यांनी उपरण्यासकट तो हात धरून जोरजोरात हलवला!

अण्णांनी हात सोडवून घेतला. "भाव कोन ठरवतं हितं? त्याला बोलवा."

सर हसत म्हणाले, "काय काका! प्रायसिंग सगळं तुमची मनीषाच बघते की. पाखऱ्याचंसुद्धा तिचंच. हिट आहे तो आमचा!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. पारावर दोन तास सगळं बघूनही एवढं त्यांना कळलेलं नव्हतं. तीन हेडफोन पहिल्यांदाच कानावरून खाली आले होते. शबाना भिंतीकडे तोंड करून उभी होती.

अण्णा माझ्या टेबलापाशी आले आणि उपरण्याखालचा हात त्यांनी माझ्यापुढे धरला. बोटांचे आकडे लहानपणी त्यांनीच मला शिकवलेले. मी उठून उभी राहिले, हात उपरण्याखाली घातला. आधी चार बोटं दाबली. मग थांबून नवाची खूण केली.

अण्णांचा हात तसाच राहिला. त्यांना वाटलं असावं, शून्यं सांगायची राहिलीत. मी पुढे काही सांगेना, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

"काका, तुमच्यासाठी फ्री!" सर म्हणाले. "तुमचाच बैल आहे."

"फुकाट न्हाई. फुकाट येकदा दिल्ता."

अण्णांनी बंडीतून पन्नासची नोट काढून माझ्या टेबलावर ठेवली. सरांनी हात पुढे केला, "बरं द्या फोन, मी टाकून देतो त्यात."

"फोनात नगं. हितनं उटवायचाय. त्यो आता माजा झाला. परत कुनाला इकायचा न्हाई."

सर हसले, पण समजुतीनं. खुर्ची ओढून अण्णांच्या जवळ बसले आणि त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. की काका, हे तसं नसतं. पाखऱ्या हजारो लोकांनी आधीच घेतलाय. काल घेतलाय, आज सकाळीही घेतलाय. एकाला विकला तरी तो संपत नाही, दुसऱ्यालाही तोच देता येतो, तिसऱ्यालाही तोच. म्हणून तर एवढा स्वस्त आहे.

अण्णांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. खांद्यावरचं दावं त्यांनी हातात घेतलं होतं.

"मने, येवड्या लोकांनी न्हेला म्हनत्यात. मग आत्ता पाखऱ्या हाय कुनाच्या दावनीला?"